वस्तीत टीबीचं काम हाती घेताय? कॅम्पचा बॅनर छापायच्या आधी हे वाचा

टीबीचं काम करायचं म्हटलं की मंडळातली पोरं पहिला प्रश्न विचारतात, कॅम्प कधी ठेवायचा? मग मंडप, बॅनर, बॅनरवर साहेबांचा फोटो, दिवसभर रांग, संध्याकाळी वडापाव आणि सगळे घरी. तिसऱ्या दिवशी ज्यांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले त्यांच्या घरी कोण गेलं ते विचारा, कोणालाच माहीत नसतं. माझं सरळ मत आहे, पेशंट शोधणं हे चार आण्याचं काम, उरलेले बारा आणे रिपोर्ट हातात आल्यानंतरचे, आणि ते कमीत कमी सहा महिने चालतं. ज्यांना सहा महिने जमणार नाही त्यांनी कॅम्पही घेऊ नये, उगाच लोकांना घाबरवून सोडण्यात काय अर्थ आहे.

हे सगळं मी मुंबईच्या एम पूर्व वॉर्डाच्या हिशोबाने लिहितोय, म्हणजे गोवंडी, शिवाजी नगर, बैंगनवाडी, मानखुर्द, इकडे लल्लूभाई आणि नटवर पारीख कंपाउंड. मुंबईत दरवर्षी साधारण ६० हजाराच्या आसपास टीबी पेशंटची नोंद होते, त्यात बाहेरगावचे इथे येऊन उपचार घेणारे पण आले, आणि गोवंडी-मानखुर्दचं नाव नेहमीच यादीत वरती असतं. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात काम करत असाल तर हेल्थ पोस्टच्या (म्हणजे महापालिकेचं वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र) जागी तुमचं नागरी आरोग्य केंद्र धरा, बाकी फारसा फरक नाही.

सगळ्यात आधी जागा समजून घ्या

घरोघरी जायच्या आधी वस्ती कशी बांधलीय ते बघा. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, त्यामुळे हवा कुठे कोंडते तिथे पेशंट जास्त सापडणार हे उघड आहे. लल्लूभाई आणि नटवर पारीख या पुनर्वसनाच्या बिल्डिंगा, दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने इथे अभ्यास केला होता त्यात या दोन ठिकाणी शंभरातल्या ८ ते १० घरांत टीबी निघाला आणि जवळच्याच पीएमजी कॉलनीत, जिथे बिल्डिंगांमध्ये अंतर बरं आहे, तिथे शंभरात एका घरात. म्हणजे माणसं तशीच, कमाई तशीच, फरक हवा-उजेडाचा. हा मुद्दा लक्षात ठेवा कारण लोक लगेच म्हणतात की झोपडीतली माणसं घाण राहतात म्हणून टीबी होतो, आणि इथे तर सरकारने बांधून दिलेल्या पक्क्या घरात होतोय.

तर वही काढा, गल्ली किंवा बिल्डिंग वाटून घ्या आणि साधा नकाशा बनवा. त्यात तीन गोष्टी वेगळ्या रंगाने लिहा. कारखाने (जरीचे, शिलाईचे, चपलांचे, जिथे दहा-पंधरा पोरं एकाच माळ्यावर काम करतात आणि तिथेच झोपतात), भाड्याच्या खोल्या जिथे माणसं सारखी बदलतात, आणि ज्या घरात मागच्या दोन वर्षांत कोणाला टीबी झाला होता. तिसरी यादी तुम्हाला कोणी पटकन देणार नाही, ती सीएचव्ही ताईंच्या डोक्यात असते. सीएचव्ही म्हणजे हेल्थ पोस्टच्या आरोग्यसेविका, पोलिओपासून ताप सर्व्हेपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात आहे, वर्षानुवर्षं त्याच गल्ल्या पायाखाली घालतायत. त्यांना बाजूला ठेवून काम करायला गेलात तर महिनाभरात गुंडाळावं लागेल. पहिल्या मीटिंगला त्यांना बोलवा आणि बोलू द्या.

मग सरकारी माणसं ओळखून घ्या

तुम्ही औषध देणार नाही, तपासणी करणार नाही, ते सरकारचं काम आहे आणि फुकट आहे. तुमचं काम माणूस आणि यंत्रणा यांच्यामधली फट बुजवणं. त्यासाठी वॉर्डाच्या टीबी ऑफिसमधले तीन लोक माहीत पाहिजेत. टीबीएचव्ही म्हणजे हेल्थ व्हिजिटर, जो घरी येतो. एसटीएस म्हणजे उपचारांवर देखरेख ठेवणारा सिनियर माणूस, ट्रान्सफर आणि औषधाचा प्रश्न तोच सोडवतो. आणि लॅबवाला. या तिघांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर. शिवाय टोल फ्री हेल्पलाइन १८००-११-६६६६, कोणी उचललंच नाही तर तिथे तक्रार नोंदवता येते, पेशंटला पण हा नंबर द्या.

वॉर्डाच्या टीबी अधिकाऱ्याला भेटून लेखी कळवा की आम्ही अमुक गल्ल्यांत काम करतोय. उगीच परवानगीचा तमाशा म्हणून नाही, उद्या तुमच्या पोराने कोणाच्या दारात जाऊन आजाराबद्दल विचारलं आणि भांडण झालं तर मागे कोणीतरी पाहिजे.

शोधायचं कसं

ठरलेले प्रश्न आहेत. दोन आठवडे किंवा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं, बेडक्यात रक्त. मानेला गाठ असेल तर तीही. "तुम्हाला टीबी आहे का" असं कधीही विचारू नका, दार बंद होतं. "घरात कोणाला बरेच दिवस खोकला आहे का, कपडे ढिले झालेत का कोणाचे" असं विचारा, कपडे ढिले झाले हे बायका बरोबर सांगतात कारण कपडे त्याच धुतात. दिवसा फक्त बायका आणि म्हातारे भेटतात, कमावता पुरुष रात्री नऊनंतर, कारखान्यातली पोरं शुक्रवारी किंवा रविवारी जेव्हा सुट्टी असेल तेव्हा. आणि गोवंडीत हिंदी-उर्दू बोलणारं पोरगं जोडीला पाहिजेच, आपण मराठीत पत्रक वाटत बसलो तर निम्मी वस्ती सुटते.

पण नुसत्या प्रश्नांवर थांबू नका. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जो टीबी सर्व्हे झाला त्यात ४२ टक्क्यांहून जास्त पेशंट असे निघाले जे फक्त एक्स-रेमुळे सापडले, लक्षणं विचारली असती तर सुटलेच असते, आणि ज्यांना लक्षणं होती त्यातले ६० टक्क्यांहून जास्त लोक डॉक्टरकडे गेलेलेच नव्हते. म्हणून ज्यांच्या घरात पेशंट आहे, ज्यांना शुगर आहे, जे साठीच्या वर आहेत, बिडी-दारूवाले, आधी एकदा टीबी झालेले, या सगळ्यांचा एक्स-रे लक्षण नसलं तरी काढून घ्या. आता हातात धरायची छोटी एक्स-रे मशिनं आली आहेत, वॉर्ड ऑफिसला पत्र देऊन ती वस्तीत मागवता येतात, कॅम्प घ्यायचाच असेल तर तो असा घ्या.

बेडका तपासणीची गोष्ट जरा नीट सांगतो कारण इथे फार सॅम्पल वाया जातात. लोक डबीत थुंकी टाकतात, लाळ, ती उपयोगाची नाही. छातीतून खोल खोकून आलेला घट्ट बेडका पाहिजे. सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा लांब श्वास घ्यायचा, मग खोकायचं. घरात नाही, मोकळ्यात, गच्चीवर किंवा गॅलरीच्या टोकाला, आजूबाजूला कोणी नसताना. झाकण घट्ट. नाव झाकणावर न लिहिता डबीवर, कारण लॅबमध्ये झाकणं निघतात. साधारण दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळचा. डबी आदल्या रात्री देऊन सकाळी तुम्हीच जमा करून सेंटरला पोचवली तर फार फरक पडतो, रोजंदारीवरचा माणूस डबी द्यायला एक दिवस बुडवत नाही, त्याला दोष देऊन काय करणार.

तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशिनवर मागा. जुन्या मायक्रोस्कोपपेक्षा जास्त सापडतं आणि मुख्य म्हणजे रिफाम्पिसिन हे औषध चालणार का नाही ते त्याच्यातच कळतं. ट्रूनॅट आपल्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे, बॅटरीवर चालतं म्हणून लहान केंद्रातही ठेवता येतं. लहान मुलं बेडका काढू शकत नाहीत, त्यांना थेट बालरोग डॉक्टरकडे पाठवा, डबी देऊन वेळ घालवू नका.

गल्लीतला डॉक्टर आणि मेडिकलवाला

खोकला झाला की माणूस पहिल्यांदा सरकारी केंद्रात जातच नाही, गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरकडे जातो, पन्नास-शंभर रुपयात गोळ्या आणि इंजेक्शन. तिथे लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक मिळालं की चार दिवस बरं वाटतं, टीबी दबतो, तपासणी महिनाभर पुढे जाते, आणि तोवर घरात पसरलेलं असतं. या डॉक्टरांना शिव्या देऊन उपयोग नाही, लोकांचा विश्वास त्यांच्यावर आहे. त्यांच्याकडे जाऊन बसा. सांगा की दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर पेशंट तुमचाच राहू दे, फक्त बेडका आमच्याकडे द्या. टीबी पेशंटची नोंद करणं २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे आणि २०१८ पासून त्यात मेडिकल स्टोअरवालेसुद्धा आले, न कळवल्यास कायद्याने कारवाई होऊ शकते, पण कळवल्यावर नोंदणीला ५०० आणि उपचार पूर्ण झाल्यावर आणखी ५०० रुपये डॉक्टरला मिळतात हे आधी सांगा, कायदा नंतर. मुंबईत २०१४ पासून पाथ संस्थेने खासगी डॉक्टरांना जोडून घ्यायचा प्रयोग केला होता, पेशंट खासगीत पण तपासणी आणि औषध फुकट, त्यातून नोंदी भरपूर वाढल्या, म्हणजे हे होऊ शकतं.

मेडिकलवाल्याकडे टीबीची औषधं शेड्यूल एच-वन मध्ये येतात, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवायची. तो तुमच्याच गल्लीतला असतो, त्याला एवढंच सांगा की कोणी तिसऱ्यांदा खोकल्याचं सिरप मागायला आलं तर आम्हाला फोन कर.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आता खरं काम

चोवीस तासात माणसाने घरी जावं, फोनवर सांगू नये. एकट्याला बाजूला घेऊन सांगा, सासूसमोर सुनेला नाही, शेजाऱ्यांसमोर कोणालाच नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी तर फारच जपून, टीबी आहे कळलं की सोयरीक मोडते आणि नवीन सून असेल तर माहेरी पाठवून देतात, औषध मधेच बंद. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट काहीही टाकायचं नाही, या एका गोष्टीवर कार्यकर्त्याला काढून टाकायची तयारी ठेवा.

त्याच आठवड्यात ही कामं उरका. निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबी पेशंटच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद झाली का आणि आयडी मिळाला का. शुगर आणि एचआयव्हीची तपासणी झाली का. वजन किती, ते वहीत लिहा. बँक खातं आधारला जोडलंय का. पेशंटला खाण्यासाठी पैसे देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ ला सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, आणि आता ते ३ हजारांच्या दोन हप्त्यांत येतात. पैसे अडकतात ते जवळजवळ नेहमी खात्यामुळे, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नाही, खातं बंद पडलंय, बाईच्या नावावर खातंच नाही. स्वतःचं खातं नसेल तर रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं संमतीपत्र देऊन लावता येतं. तुमच्यातला कोणी बँकेच्या रांगेत उभा राहायला तयार असेल तर दहा भाषणांपेक्षा ते मोठं काम.

औषधं साध्या टीबीत सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं आणि नंतरचे चार महिने तीन, एकाच गोळीत मिसळलेली, रोज. गोळ्या वजनावर ठरतात, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणून वजन वाढलं की सेंटरवर कळवायचं, गोळी बदलायचा निर्णय डॉक्टरचा, तुमचा नाही. सुरुवातीलाच सांगून ठेवा की लघवी लालसर-नारिंगी होणार, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. हे न सांगितल्यामुळे पहिल्याच आठवड्यात गोळ्या फेकून देणारे खूप आहेत. मळमळ होते, हातापायाला मुंग्या येतात, त्यावर गोळी मिळते. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या व्हायला लागल्या, नजर धूसर झाली किंवा रंग ओळखता येईना तर त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा, उद्यावर टाकू नका. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला नर्सकडून वेगळं समजावून द्या, रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, पुरुष कार्यकर्त्याने हे सांगायला जाऊ नये.

दुसरा ते तिसरा महिना सगळ्यात धोक्याचा. खोकला गेलेला असतो, भूक लागते, वजन वाढतं, माणसाला वाटतं झालं. त्यातच कामावर परत जातो, सेंटरच्या वेळेत औषध आणायला सुट्टी मिळत नाही. या काळात आठवड्यातून एकदा घरी जाणं चुकवू नका आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन मोजा, "घेता ना?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. सेंटरवर औषध संपलंय असं सांगितलं तर रिकाम्या हाताने परतायचं नाही, एसटीएसला लगेच फोन, दुसऱ्या सेंटरमधून मिळतं का बघायला लावायचं, खंड पडला की भोगायचं पेशंटला आहे.

रिफाम्पिसिन चालत नाही असा रिपोर्ट आला तर तो एमडीआरच्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या वाटेचा पेशंट, त्याला वेगळ्या सेंटरला पाठवतात, गरज पडली तर शिवडीच्या टीबी हॉस्पिटलला. पूर्वी उपचार दीड-दोन वर्षं चालायचे आणि त्यातल्या इंजेक्शनांनी लोकांचे कान जायचे, आता सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने सहा महिन्यांच्या फक्त गोळ्यांच्या उपचाराला मान्यता दिली आहे, ज्याला चालतो त्याला. हे सांगितलं की घरच्यांचा अर्धा धीर परत येतो, कारण शिवडी म्हटलं की आजही लोकांना वाटतं माणूस परत येत नाही.

आणि गावाला जाणारे. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, लग्न, ईद, शेतीचा हंगाम, नाहीतर बरं वाटत नाही म्हणून कायमचेच. थांबवू नका, थांबत नाहीत. फक्त सांगून ठेवा की तिकीट काढलं की आधी आम्हाला फोन. निक्षयवर पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात ट्रान्सफर होतो, एसटीएसकडून ते करून घ्या, सोबत महिनाभराच्या गोळ्या द्यायला सांगा, आणि तिकडच्या केंद्राचा नंबर पेशंटच्या हातात द्या. पेशंट तिकडे पोचला का हे तुम्ही फोन करून विचारायचं.

घरातले बाकीचे

एक पेशंट म्हणजे घरातल्या सगळ्यांची तपासणी, कारखाना असेल तर सोबत झोपणाऱ्या सगळ्या पोरांची, फॉर्मवर "कुटुंब" लिहिलेलं असलं तरी. शेठला पटवणं अवघड जातं, त्याला वाटतं कारखाना बंद पडेल. त्याला सांगा की औषध नीट चालू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत पसरवण्याची ताकद खूप कमी होते, पोराला कामावरून काढलंस तर तो दुसऱ्या कारखान्यात औषधाविना जाईल.

ज्यांना टीबी नाही असं नक्की झालं त्यांना होऊ नये म्हणून औषध मिळतं, पाच वर्षांखालच्या मुलांना तर पाहिजेच. कुठे सहा महिने रोजची गोळी, कुठे आठवड्यातून एकदा असे बारा डोस. धडधाकट माणसाला औषध घ्यायला लावणं पेशंटपेक्षा कठीण आहे, मला काही झालेलंच नाही तर गोळी कशाला म्हणतात, तिथे घरातल्या आजीला हाताशी धरा, नातवासाठी ती सगळ्यांना रांगेत बसवते.

खाणं, आणि फोटो

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ मध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या टीमने मोठा प्रयोग केला, टीबी पेशंटच्या घरच्यांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बस्स. ऑगस्ट २०२३ ला निकाल छापून आला, त्या घरांमध्ये नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, फुफ्फुसाचा तपासणीत सिद्ध झालेला टीबी ४८ टक्क्यांनी. इतक्या साध्या गोष्टीने. त्यामुळे किट द्यायचं ठरवलं तर पेशंटपुरतं देऊ नका, एकट्याचं धान्य घरात कधी एकटा खात नाही, आई तर शेवटी उरलेलं खाते.

सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून कोणीही, माणूस किंवा मंडळ, पेशंट दत्तक घेऊ शकतं. महिन्याच्या किटमध्ये ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, किलोभर दूध पावडर किंवा शेंगदाणे, जमलं तर ३० अंडी, असं सुचवलेलं आहे. गणपतीच्या वर्गणीतून पाच घरं सहज होतात. पण सहा महिने नक्की देणार असाल तरच घ्या, दोन महिन्यांनी बंद पडणारी किटं बघून लोकांचा विश्वास उडतो. आणि किट देताना फोटो काढायचा नाही. मोठ्या लोकांनी पेशंटला स्टेजवर बोलावून पिशवी दिली की पुढच्या महिन्यात तो दारच उघडत नाही, त्याची काय चूक. पिशवी साधी, रात्रीची, हातात. देणाऱ्याला पावती पाहिजे तर निक्षयवरची नोंद दाखवा.

हवा

बिल्डिंग पाडून परत बांधणं आपल्या हातात नाही. हातात आहे ते असं की गॅलरीच्या दोन्ही टोकांचं भंगार काढायला सोसायटीला लावा, पेशंटची झोपायची जागा खिडकीजवळ, पहिले काही आठवडे तोंडाला रुमाल किंवा मास्क, झोपडीत पत्र्याच्या वर जाळीचा पट्टा आणि छपराला एक पारदर्शक पत्रा. कार्यकर्त्याने नवीन पेशंटशी दारात, गॅलरीत बोलावं, आत बसावं लागलं तर एन-९५ लावावा आणि आधी सांगावं की मी सगळ्यांकडेच लावतो, नाहीतर माणसाला लागतं. तुमचाही एक्स-रे वर्षातून एकदा.

वही बंद कधी करायची

औषध संपल्यावर लगेच नाही. शेवटची तपासणी झाली, बरा झाल्याची नोंद निक्षयवर पडली, तरी पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बघायचं असतं, म्हणजे ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी, कारण परत होणारा टीबी बऱ्याचदा याच काळात होतो. चारही तारखा औषध संपतं त्याच दिवशी पेशंटसमोर वहीत लिहून टाका, फोन नंबर दोन घ्या, एक त्याचा आणि एक न बदलणारा, आईचा किंवा गावच्या भावाचा. बरे झालेल्यांपैकी ज्याला बोलायला आवडतं त्याला हळूच विचारा की नवीन पेशंटकडे सोबत येशील का, बरेच येतात, सरकार त्यांना टीबी चॅम्पियन म्हणून ट्रेनिंग पण देतं, मात्र जो नको म्हणेल त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.

खोली सोडून गेला तर नवीन पत्ता शेजारच्यांना नाही, किराणावाल्याला विचारा, त्याच्याकडे उधारी असते.